वारंवार धरणारी मान: कारण कसे शोधावे आणि उपाय केव्हा करावा

मान धरली की शेक, मलम, एखादी वेदनाशामक गोळी आणि दोन दिवसांची विश्रांती एवढ्यावर बहुतेकांचे भागते. आठवडाभरात मान पुन्हा फिरू लागते आणि दुखणे विसरले जाते. काही महिने जातात आणि तीच मान, बहुधा त्याच बाजूला, पुन्हा धरते. मग कोणी उसण भरली म्हणते, कोणी शीर दबली म्हणते, कोणी मणक्यात गॅप आली असे ठरवून मानेचा पट्टा विकत आणते. गोव्यातील फोंडा परिसरात फिजिओथेरपीचे काम करताना माझ्याकडे येणाऱ्या मानेच्या रुग्णांत पहिल्यांदाच मान धरलेले फार थोडे असतात. बहुतेकांना हा त्रास आधी येऊन गेलेला असतो. मानदुखीवरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही हेच दिसते: ज्यांची मान एकदा दुखली त्यांच्यापैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांना पुढील १ ते ५ वर्षांत ती पुन्हा दुखते.

दुखणे परत येते ते मागचा उपचार चुकीचा होता म्हणूनच असे नाही. तो उपचार दुखणे शमवण्यापुरता होता आणि मान ज्या भाराखाली थकली तो भार तसाच राहिला, हे त्याचे अधिक नेहमीचे कारण आहे. म्हणून या लेखात भर आहे तो मान दुखत नसते त्या मधल्या महिन्यांवर, कारण उपाय लागू पडतो तो त्याच काळात.

आधी धोक्याची लक्षणे वगळावीत

घरगुती उपायांकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी नक्की नाहीत ना, हे पाहणे आवश्यक आहे. अशी कारणे क्वचित आढळतात. पण त्यांत गेलेला वेळ भरून निघत नाही.

दुचाकीचा अपघात, उंचावरून पडणे किंवा उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणे यानंतर मान दुखत असेल, तर ती चोळू नये, फिरवून पाहू नये आणि रुग्णाला उठवून बसवूही नये. माड किंवा पोफळ यांवरून पडलेल्या माणसाला चौघांनी हातापायांना धरून गाडीत घालणे ही आपल्याकडची नेहमीची धावपळ. तिच्यामुळे मोडलेला मणका सरकून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत डोके आणि मान आहेत त्या स्थितीत स्थिर धरून ठेवावीत.

ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे आणि हनुवटी छातीकडे नेताच न येणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर मेंदूच्या आवरणाचा दाह असण्याची शक्यता असते आणि त्याच तासात रुग्णालय गाठावे लागते. मान किंवा डोक्याचा मागचा भाग अचानक, पूर्वी कधीच दुखला नव्हता असा दुखू लागला आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा तोल जाणे यांपैकी काही असेल, तर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा झालेली असू शकते. छातीत दडपण, घाम आणि धाप यांसह जबडा, मान किंवा डावा हात दुखत असेल, तर ते मानेचे दुखणे समजू नये. हृदयविकाराचा झटका अशा रूपाने येतो आणि मधुमेही व्यक्तींत तर त्याची चिन्हे फारच अंधूक असतात.

याशिवाय एक प्रकार हळूहळू येतो आणि म्हणूनच अधिक चकवतो. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागणे, अक्षर बिघडणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना पाय जड किंवा ताठ वाटणे, मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे आणि पुढे लघवीवरील ताबा कमी होणे, ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची चिन्हे आहेत. यात मान फारशी दुखेलच असे नाही. वयामुळे हात थरथरतात असे म्हणून घरातील ज्येष्ठांच्या या तक्रारी बाजूला ठेवल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. कारण मज्जारज्जूची झालेली हानी शस्त्रक्रियेनंतरही पूर्णपणे भरून येईलच असे सांगता येत नाही.

रात्री आडवे झाल्यावरही न थांबणारी वेदना, कारणाविना घटणारे वजन, आठवडे चालणारा बारीक ताप, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. क्षयरोग मणक्यांतही होतो.

वेदना मानेतीलच आहे का?

धोक्याचे काही नाही असे दिसल्यावर पुढील प्रश्न असा की वेदना नेमकी कोठून येते. मानेत ७ मणके आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या ८ जोड्या बाहेर पडून खांदे आणि हात यांकडे जातात. डोके डावी-उजवीकडे फिरवण्याचे जवळपास अर्धे काम वरच्या दोन मणक्यांतील सांध्यात होते. मानेचे स्नायू कवटीपासून खांद्याच्या पात्यापर्यंत पसरलेले असल्यामुळे मानेचे दुखणे डोक्याच्या मागे, खांद्याच्या वरच्या भागात आणि दोन पात्यांच्या मध्येही जाणवते.

केवळ मान आणि खांद्याचा वरचा भाग दुखत असेल, एका बाजूला पाहताना ओढ बसत असेल आणि हातात मुंग्या किंवा अशक्तपणा नसेल, तर ते साधे, स्नायू आणि सांधे यांचे दुखणे मानावे. वारंवार मान धरणाऱ्यांपैकी बहुसंख्य याच गटात येतात.

वेदना खांद्यावरून दंडात आणि पुढे बोटांपर्यंत उतरत असेल, तर मज्जातंतूच्या मुळावर दाब किंवा सूज असण्याचा संभव असतो. मुंग्या कोणत्या बोटात येतात यावरून कोणते मूळ बाधित आहे याचा अंदाज बांधता येतो. अंगठ्याकडील बाजू असेल तर सहावे, मधले बोट असेल तर सातवे आणि करंगळी असेल तर आठवे मूळ, असा साधारण हिशेब आहे. त्यांपैकी सातव्याचा त्रास सर्वाधिक आढळतो. दुखऱ्या बाजूचा हात उचलून तळवा डोक्यावर ठेवला की काही रुग्णांना लगेच हलके वाटते, कारण त्यामुळे मज्जातंतूवरील ताण कमी होतो. अनेक जण नकळत तसेच झोपतात. हे दुखणे भयंकर असले तरी बहुतेक रुग्ण काही आठवडे ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र हाताची शक्ती कमी होत चालली असेल, तर वाट पाहू नये.

हातात मुंग्या आल्या म्हणजे मानच दोषी, असेही नाही. रात्री झोपेतून जाग येईल अशा मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत येत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दबला असण्याची शक्यता अधिक आहे. मान सहज फिरते पण हात वर उचलताना किंवा पाठीमागे नेताना दुखते, असे असेल तर खांद्याचा सांधा तपासावा लागतो. खांदा आखडलेल्या किती तरी मधुमेही व्यक्ती महिनोन् महिने मानेलाच मलम चोळत बसतात.

एमआरआयचा अहवाल कसा वाचावा

मान दुसऱ्यांदा धरली की घरचे लोक एमआरआय काढण्याचा आग्रह धरतात. अहवालात चकती (दोन मणक्यांमधील गादी) फुगली आहे, मणक्यांची झीज आहे, मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे असे लिहून येते आणि तेव्हापासून ती व्यक्ती स्वतःला मणक्याचा रुग्ण समजू लागते. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यांतील ८७.६ टक्के लोकांच्या मानेतील चकती फुगलेली आढळली. विशीतील निरोगी तरुणांतही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. म्हणजे चित्रात दिसणारी झीज हेच दुखण्याचे कारण, असे म्हणता येत नाही. एमआरआय उपयोगी पडतो तो धोक्याची लक्षणे असताना, हाताची शक्ती कमी होत असताना किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असताना. साध्या, परत-परत येणाऱ्या दुखण्यात तो काढण्याची घाई केल्याने बहुधा भीतीच वाढते. आणि भ्यालेला माणूस मान जपू लागतो, फिरवणे टाळतो, त्यामुळे ती आणखी आखडते.

मोबाइलसाठी मान वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार पडतो, ही माहितीही अशीच भीती पसरवते. हा आकडा २०१४ सालच्या एका संगणकीय प्रतिमानातून आला आहे. मान ६० अंशांत वाकवली तर काय होईल याचे ते गणित होते, जिवंत माणसाच्या मानेत केलेले मोजमाप नव्हे. डोके साधारण ५ किलोंचे असते आणि ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंचे काम वाढते, एवढे निश्चित. पण मान वाकवण्यासाठीच बनलेली आहे. वाकण्यापेक्षा तासन् तास एकाच स्थितीत राहणे आणि त्यासाठी लागणारा टिकाऊपणा स्नायूंत नसणे, या दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात.

भार कोठून येतो हे शोधणे

या शोधात सर्वांत मोठी अडचण अशी की मानेचा भार आणि मानेची वेदना यांच्यामध्ये बऱ्याचदा एका रात्रीचे अंतर असते. दिवसभर केलेल्या कामाने थकलेले स्नायू झोपेत आखडतात, सकाळी मान वळत नाही आणि सगळा दोष उशीला दिला जातो. घरात उशा बदलत राहतात, दुखणे मात्र राहते. म्हणून मान धरल्यावर आदल्या दोन दिवसांत काय केले हे आठवून लिहून ठेवावे: काय काम केले, किती वेळ, मान कोणत्या बाजूला होती, झोप किती झाली. दोन-तीन वेळच्या नोंदी एकत्र वाचल्या की काही तरी समान सापडतेच, असा माझा अनुभव आहे.

गोव्यातील कामांचा विचार केला तर तीन प्रकार ठळक दिसतात. पहिला खाली पाहण्याचा. काजू कारखान्यात सोलणी आणि निवड करणाऱ्या स्त्रिया, वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कंपन्यांत कुप्या आणि गोळ्यांची तपासणी करणारे कामगार, शिलाई करणारे, गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यांत चित्रशाळेत रात्र-रात्र मूर्ती रंगवणारे, हे सर्व जण मान थोडीशीच वाकवतात, पण तिला सुट्टी देत नाहीत. येथे उपाय मानेवर करण्यापेक्षा कामाच्या उंचीवर करावा. सूप किंवा तबक मांडीवर न ठेवता चौरंगावर किंवा टेबलावर घ्यावे, मूर्ती फिरत्या पाटावर आणि छातीच्या उंचीला ठेवावी, कोपरांना आधार मिळेल असे बसावे. कोपरांना आधार मिळाला की हातांचे वजन मानेवरून उतरते. हा बदल अगदी स्वस्त असून फार गुणकारी आहे. शिवाय दर अर्ध्या तासाने अर्धा-एक मिनिट उठून खांदे फिरवावेत आणि दूर पाहावे. ठेक्याने काम करणाऱ्यांना एवढेही थांबणे परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान सोलणी आणि निवड असे काम आळीपाळीने मागून घ्यावे, म्हणजे स्थिती बदलत राहते.

दुसरा प्रकार वर पाहण्याचा. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मान धरणे हे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याला कोणी कारण मानतच नाही. डोके मागे टाकलेले, दोन्ही हात वर, आणि असेच दोन-तीन तास. या स्थितीत मानेमागील लहान सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि मज्जातंतू बाहेर पडण्याच्या जागा अरुंद होतात. पन्नाशीनंतर झीज असलेल्या मानेला हे विशेष जाचते. शक्य असेल तेथे माटोळीची चौकट खाली घेऊन जड फळे आधी बांधावीत आणि मग ती वर चढवावी. ते शक्य नसेल तर भक्कम टेबलावर उभे राहून हात डोळ्यांच्या समोर येतील इतकी उंची मिळवावी आणि दर पंधरा मिनिटांनी बांधणारा बदलावा. घराला रंग काढणे, छताची जळमटे झाडणे, पंखे बसवणे, माडाखाली उभे राहून पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, नारळ दाखवत राहणे यांनाही हेच लागू आहे.

वर पाहण्याचा एक छुपा प्रकार चष्म्यात आहे. ज्यांच्या चष्म्यात वाचण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, ते संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे त्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलतात आणि पूर्ण दिवस तसेच बसतात. घरच्या किंवा कार्यालयातील कोणाला तरी नकळत बाजूने छायाचित्र काढण्यास सांगावे. हनुवटी वर दिसली तर पडदा खाली आणावा किंवा नेत्रतज्ज्ञांकडून केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. पडदा डोळ्यांच्या पातळीला असावा हा सर्वांना सांगितला जाणारा नियम अशा व्यक्तींच्या बाबतीत उलट त्रासदायक ठरतो.

तिसरा प्रकार एका बाजूला वळून राहण्याचा. फोन खांदा आणि कान यांत धरणे, कार्यालयात पडदा तिरका असणे, भजनात पेटीवर बसून सतत गायकाकडे तोंड करणे, निजून एका कुशीवर दूरदर्शन पाहणे. दुखणे नेहमी एकाच बाजूला येत असेल, तर आधी या गटात शोधावे.

दुचाकीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे नोकरीसाठी रोज फोंडा ते पणजी किंवा मडगाव ते वेर्णा जाणारे हजारो लोक खड्डे आणि गतिरोधक यांचे धक्के मानेवर घेत असतात. आरसे नीट लावलेले नसतील तर मान सारखी वळवावी लागते. पाठीवरील जड पिशवी खांदे मागे ओढते आणि हनुवटी पुढे येते. आरसे दुरुस्त करावेत, पिशवी पायांजवळ ठेवावी, टायरमधील हवा आणि शॉक-अ‍ॅब्झॉर्बर तपासून घ्यावेत. मानेचे कारण सांगून हेल्मेट मात्र सोडू नये. मापाचे, हलणार नाही असे आणि शक्य तितके हलके हेल्मेट घ्यावे. सैल हेल्मेट वाऱ्याने मागे ओढले जाते आणि मान ते सावरत राहते.

संशय कोणावरही असो, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि किमान दोन आठवडे तिच्याकडे लक्ष द्यावे. उशी, खुर्ची, चष्मा आणि व्यायाम एकाच दिवशी बदलले तर बरे वाटल्यावरही ते कशामुळे वाटले हे कळत नाही. कारण कळले नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

मान धरलेल्या दिवशी

पहिले दोन-तीन दिवस वेदना कमी करणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. काहींना थंड शेक मानवतो, तोही चालतो. त्वचेवर पिशवी थेट न ठेवता मध्ये पंचा असावा. अंथरुणाला खिळून राहू नये. दर तासाला मान दुखू लागेपर्यंतच, हळूहळू, दोन्ही बाजूंना वळवावी; बसून जमत नसेल तर उशीवर डोके टेकून वळवावी, म्हणजे डोक्याचे वजन स्नायूंवर पडत नाही. मानेचा पट्टा प्रवासापुरता किंवा एखाद-दुसरा दिवस वापरण्यास हरकत नाही, पण आठवडे वापरल्यास स्नायू दुबळे होतात आणि परतीचे दुखणे जवळ येते.

वेदनाशामक गोळ्यांबाबत एक गोष्ट गोव्याच्या पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवावी. ताप असेल आणि अंग व मान दुखत असेल, तर डेंग्यूची शक्यता वगळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर या गोळ्या एरवीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळल्यास बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाडून मोडून घेणे मात्र कायमचे बंद करावे. अशा झटक्याने धमनीला किंवा श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तो कट् आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो होतो, आणि त्यानंतर वाटणारा हलकेपणा थोड्याच वेळात जातो.

दुखणे थांबल्यावर

येथेच बहुतेक लोक उपचार सोडतात. मानेच्या पुढील बाजूस, श्वासनलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू मान दुखल्यानंतर सुस्तावतात आणि वेदना गेली तरी आपोआप पूर्ववत होत नाहीत. त्यांना जागे करण्याचा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे. पाठीवर झोपून डोक्याखाली घडी केलेला पंचा ठेवावा आणि डोके न उचलता, अगदी हळू, होकार दिल्यासारखी हनुवटी किंचित गळ्याकडे न्यावी. गळ्याचे वरचे जाड स्नायू टरारता कामा नयेत. बोटे लावून ते मऊ आहेत ना, हे पाहावे. दहा सेकंद धरून सोडावे आणि असे दहा वेळा करावे. जोर लावून केलेला हा व्यायाम निष्फळ ठरतो, म्हणून पहिले काही दिवस तो कोणाच्या तरी देखरेखीखाली शिकलेला बरा.

दुसरा व्यायाम खांद्यांचा आहे आणि मला सर्वांत भरवशाचा वाटतो. डेन्मार्कमध्ये मान आणि खांदे वरचेवर दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्यांच्या पातळीपर्यंत उचलायचे, एवढा एकच व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, १० आठवडे करवला गेला. दिवसाला केवळ २ मिनिटे करणाऱ्यांचीही वेदना, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाली, आणि १२ मिनिटे करणाऱ्यांचा लाभ त्याहून फार मोठा नव्हता. वेळ नाही असे सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा अभ्यास ऐकवतो. हात अगदी बाजूला न नेता थोडे पुढे ठेवावेत, कोपर किंचित वाकलेले असावे आणि खांदे कानांकडे चढू देऊ नयेत.

याच्या जोडीला खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो दोन्ही हातांनी कमरेकडे ओढावा, म्हणजे पात्यांमधील स्नायू बळकट होतात. कपाळ, दोन्ही बाजू आणि डोक्याचा मागचा भाग यांना आळीपाळीने तळहाताचा विरोध देऊन मान न हलवता अर्ध्या ताकदीने दहा सेकंद दाबणे हाही चांगला व्यायाम आहे. व्यायामानंतर थोडी ओढ राहिली तर घाबरू नये; दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती गेली, तर मात्रा योग्य आहे. सकाळी अधिक दुखले, तर निम्म्यावर यावे, पण थांबू नये. स्नायूंचा टिकाऊपणा वाढण्यास १० ते १२ आठवडे लागतात आणि त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीन दिवस व्यायाम चालू ठेवावा लागतो. रोजचे अर्ध्या तासाचे चालणे आणि पुरेशी झोप यांचे महत्त्व मोठे आहे; रात्रपाळी करणाऱ्यांत वेदना लवकर बळावते ती मुख्यतः अपुऱ्या झोपेमुळे.

उशीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. कुशीवर झोपणाऱ्यांची उशी कान आणि खांदा यांमधील अंतर भरून काढील इतकी जाड असावी, पाठीवर झोपणाऱ्यांची त्याहून पातळ. पालथे झोपणे टाळावे, कारण त्यात मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते. महागड्या उशीने ज्यांची मान कायमची बरी झाली असे लोक मला तरी भेटलेले नाहीत.

सुधारणा कशी मोजावी

आज दुखते की नाही, या एकाच प्रश्नावर उपायाचे यश ठरवू नये. दोन वेळा मान धरण्यामधील अंतर वाढले का, धरल्यावर ती किती दिवसांत सुटते, गाडी मागे घेताना दोन्ही बाजूंना सारखे पाहता येते का, आणि गोळ्यांची संख्या घटली का, हे तीन महिन्यांनी तपासावे. मान अजूनही वर्षातून एकदा धरत असेल पण दोन दिवसांत सुटत असेल, तर उपाय लागू पडला आहे.

सहा आठवडे नियमित व्यायाम करून आणि कामातील भार बदलूनही काहीच फरक पडला नाही, किंवा हातात नव्याने मुंग्या व अशक्तपणा आला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यासाठी जाता येते. जाताना जुने अहवाल, चालू औषधांची नावे आणि मान धरण्याच्या आधीच्या दिवसांच्या नोंदींचा कागद सोबत न्यावा. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे मिनिटे मोजकी असतात आणि त्यांना सर्वाधिक उपयोग या शेवटच्या कागदाचा होतो.